शटर अडकतंय? आधी वर बघा

जुन्या घराचं चार फुटी दार काढून तिथं गाडीसाठी आठ फुटी शटर बसवलं. दोन पावसाळे गेले आणि ते मधेच घासायला लागलं. घरचे शटरवाल्याला बोलावतात, तो ग्रीस लावून, पट्ट्या ठोकून जातो. दुखणं मात्र बहुधा वरच्या तुळईचं असतं. तिच्या दोन टोकांमध्ये सूत ताणून पाहा. आयएस 456 या मानकात काँक्रीटच्या एकूण वाकाची मर्यादा अंतराच्या 250व्या भागाइतकी आहे, म्हणजे आठ फुटांना जेमतेम 10 मिलिमीटर.

‘तसलीच तुळई, फक्त लांब घ्यायची,’ हा सगळ्यांत महाग पडणारा समज. दर फुटावरचं वजन तेच ठेवून दोन टोकांमधलं अंतर दुप्पट केलं, तर वाक दुप्पट नव्हे, सोळापट होतो. उलट तुळईची उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट वाढतो. रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. चार बाय सहाचं लाकूड आडवं टाकण्याऐवजी उभं बसवलं, तरी ते सव्वादोनपट ताठ होतं. त्याला जास्तीचा पैसाही लागत नाही.

‘मग दगडी पाट टाका, दगड कुठं वाकतो?’ वाकत नाही हे खरं, पण न सांगता तडकतो. दगड दाब सोसतो, ताण फारसा नाही, आणि आडव्या पाटाच्या खालच्या अंगाला ताणच असतो. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाच्या कमानी पाहा. तिथला प्रत्येक दगड शेजारच्यावर दाबलेला आहे. ते बांधणाऱ्यांना हे गणित सूत्राशिवाय कळलं होतं!

वाक मध्ये दिसतो म्हणून सगळे मध्येच बघतात. पन्हाळ्याच्या पावसात भिंतीत मुरणारं पाणी आधी टोकं खातं. लाकूड असेल तर भिंतीतल्या टोकाला टोच्या मारून बघा. भुसभुशीत लागलं तर तुळई बदलायचीच. काँक्रीटच्या लिंटेलमध्ये सळई गंजून फुगते आणि खालचे पापुद्रे सुटतात. त्यावर प्लास्टर मारणं म्हणजे दुखणं झाकणं.

‘जॅक लावून एका दुपारी सरळ करू’ म्हणणाऱ्या गवंड्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. वर्षानुवर्षं वाकलेलं लाकूड तसंच बसलेलं असतं. झटक्यात उचललं तर वरच्या भिंतीला भेगा जातात. आधी दोन्ही बाजूंना टेकू देऊन वरचं वजन त्यांच्यावर घ्या, मगच जुनी तुळई काढा. इथली मापं ठोकताळ्याची आहेत. वर मजला किंवा कैची येत असेल तर नक्की माप इंजिनिअरकडूनच घ्या. नवं काँक्रीट ओतलं असेल, तर साध्या सिमेंटच्या तुळईखालचे टेकू 14 दिवस हलवू नका.

राहिला ‘घर माझं, परवानगी कसली?’ हा समज. पन्हाळा किल्ला केंद्र-संरक्षित स्मारक आहे. स्मारक कायद्यातल्या 2010च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटरांत नवं बांधकाम बंद आहे आणि पुढच्या 200 मीटरांत ते नियंत्रित आहे. या पट्ट्यात दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. भिंतीला हात लावण्याआधी नगरपरिषदेत विचारून या.