सहलीची हौस आणि खेळण्यांचा खर्च



गळीत हंगाम आटोपला, कारखान्याचा भोंगा थांबला, पोरांच्या परीक्षा संपल्या, की घरोघरी एकच विषय निघतो. "अण्णा, यंदा पार्कला जायचंच!" पूर्वी आपली सहल म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, फार तर महाबळेश्वर. १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड निघाले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतली पोरेही पार्कची भाषा बोलू लागली. जायला काहीच हरकत नाही. वर्षभर रात्री-बेरात्री दारे धरणाऱ्या माणसाने एक दिवस पोराबाळांत हसायचे नाही, तर कधी?

तिकीट, गाडीभाडे, जेवण यांचा हिशेब आपण निघण्याआधीच करतो. हिशेब फसतो तो टोप्या, खेळणी आणि फोटोंच्या बाबतीत. त्याविषयी चार अनुभवाचे बोल सांगतो.

अकरा क्विंटल ऊस

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही चौघे अशाच एका पार्कला गेलो. आईला म्हटले, "चल." ती म्हणाली, "जनावरांचं कोण बघणार? तुम्ही जावा." निघताना दोन्ही पोरांनी तिला कबूल केले, "आजी, तुला काहीतरी आणतो."

आत शिरल्याबरोबर दोन टोप्या घेतल्या, ९०० रुपये. धाकट्याने कापसाचे अस्वल धरले ते सोडेना, १,२०० गेले. पाळण्यावरून उतरताना काढलेले तीन फोटो ९०० ला पडले, दिवे लागणाऱ्या दोन तलवारी ७०० ला आणि किल्ल्यांच्या साखळ्या २०० ला. बेरीज ३,९०० रुपये. एकाही वस्तूला 'नको' म्हणावे असे त्या वेळी वाटले नाही, आणि एकही वस्तू आम्ही ठरवून घेतली नव्हती.

संध्याकाळी फाटकाशी थोरली हळूच म्हणाली, "अण्णा, आजीला?" तेव्हा माझ्याजवळ गाडीच्या डिझेलपुरतेच पैसे उरले होते. घरी आल्यावर आई म्हणाली, "पोरं सुखरूप आली, मला आणि काय पाहिजे?" पण थोरलीने ती नवी टोपी आजीसमोर काही घातली नाही. दोन्ही तलवारी चौथ्या दिवशी गोठ्यात मोडून पडलेल्या सापडल्या.

आता याचा हिशेब आपल्या मापाने करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. या दराने ३,९०० रुपये म्हणजे जवळजवळ ११ क्विंटल ऊस. तोडणी-वाहतूक वजा केली तर आणखी जास्त. ऊस उभा करायला वर्ष-दीड वर्ष लागते, तो एका दिवसात टोप्या-तलवारींत गेला.

दुकान बाहेर पडायच्या वाटेवरच का?

यात आपल्या पोरांचा दोष नाही. बहुतेक पार्कांत पाळण्यावरून उतरले की बाहेर पडायची वाट दुकानातूनच काढलेली असते. खेळणी पोराच्या नजरेच्या उंचीवर मांडतात. उतारावर पाळणा वेगाने सुटतो तेव्हा यंत्राने आपला फोटो निघतो आणि खाली आलो की तो पडद्यावर दिसतो. पोर नुकतेच खिदळत उतरलेले असते. अशा वेळी बाप 'नाही' म्हणत नाही, हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते.

दुसरी गोष्ट अशी, की हातातली नोट सुटताना जीवाला लागते. कार्ड घासताना किंवा मोबाईल दाखवताना लागत नाही. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कांनी १९८७ साली स्वतःच्या चित्रांच्या नोटा काढल्या. खरा डॉलर द्यायचा आणि ही नोट घ्यायची. ती पार्कमध्ये चालायची, पण पुष्कळ लोक आठवण म्हणून ती घरीच नेत. म्हणजे कंपनीचा डॉलर जागेवरच राहिला! या नोटांची विक्री २०१६ साली बंद झाली. धंदेवाईक माणूस किती लांबचा विचार करतो, ते यावरून दिसते. आपणही घरून निघताना थोडा करावा.

जत्रेची जुनी रीत

हा विचार आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. गावच्या जत्रेला जाताना आजोबा नातवाच्या मुठीत पैसे ठेवत आणि सांगत, "एवढेच. काय घ्यायचं ते तुझं तू ठरीव." मग ते पोर मूठ आवळून सगळी जत्रा पालथी घालायचे, दहा ठिकाणी भाव विचारायचे आणि शेवटी एक पिपाणी घ्यायचे. बापाच्या खिशातून मागणारे पोर मोजत नाही. स्वतःच्या मुठीतून देणारे मोजते. सगळी मेख इथेच आहे. तीच रीत पार्कला लावावी.

१. रक्कम घरीच, सर्वांसमोर ठरवा. यादीत पहिले नाव घरी राहणाऱ्यांचे घाला.

२. प्रत्येक पोराच्या हाती त्याचे पैसे पाकिटात रोख द्या. उरले तर त्याचे, संपले तर संपले. मग आपणच विरघळून मोबाईल काढू नये.

३. सकाळी फक्त बघायचे, खरेदी परतताना. दिवसभर ओझेही वागवावे लागत नाही. सकाळी हवीशी वाटलेली निम्मी खेळणी संध्याकाळी आठवतही नाहीत.

४. टोपी, रेनकोट, पाण्यात घालायचे नायलॉनचे कपडे घरूनच न्या. सुती कपड्यांनी बहुतेक ठिकाणी पाण्यात उतरू देत नाहीत, आणि तिथे ऐन वेळी घेतलेले महाग पडते.

५. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते बघा. बंद पाकिटातल्या मालाला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. पावती घ्या. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

६. भावकीत, शेजारी वाटायला पार्कमधले काही घेऊ नका. खोपोलीकडून घाट चढून आले की लोणावळा लागते. तिथे गुळाची चिक्की घ्या. वजनावर मिळते, दहा घरांत वाटता येते, आणि त्यातला गूळ शेवटी उसाचाच!

यंदाचा अनुभव

यंदा आम्ही पुन्हा गेलो. दोघांना ५००-५०० रुपये पाकिटात दिले आणि आजीचे ३०० वेगळे ठेवले. धाकटा दिवसभर पाकीट चाचपत होता. तीन दुकाने फिरून त्याने एक लहान मोटार घेतली आणि १८० रुपये वाचवले. ते आता त्याच्या गल्ल्यात आहेत. थोरलीने सगळ्यांत आधी आजीसाठी पितळी डबी निवडली, मग स्वतःचे बघितले. आईने त्या डबीत मिसरी भरली आहे आणि येईल-जाईल त्याला ती दाखवते आहे.

हौसेला मोल नसते म्हणतात, ते खरे आहे. पण खेळण्याला असते, आणि ते आपल्या उसातूनच जाते. तेव्हा पोराबाळांना घेऊन जरूर जावे. फक्त पाकिटे घरूनच भरून न्यावीत, आणि एक पाकीट घरी राहणाऱ्याच्या नावाचे असावे.