पोटरीतून मनाकडे

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना एक रटाळ काम दिलं गेलं. कॅम्पसमधल्या इमारतींमधून बारा मिनिटं फिरून यायचं. त्यातल्या काहींना वर अशीही धास्ती घातली, की फिरून आल्यावर दोन पानी निबंध लिहावा लागेल. निबंध म्हटल्यावर कुणाचं मन फुलतं? आणि हा सगळा खटाटोप चालण्याचा परिणाम तपासण्यासाठी आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तरीही फिरून आलेल्यांचा मूड बसून राहिलेल्यांपेक्षा चांगला निघाला.

मग संशोधकांनी आणखी काटछाट केली. एक बंद खोली, समोर पडद्यावर एका कलादालनाची चित्रफीत. काहींनी ती बसून बघायची, काहींनी उभं राहून, काहींनी ट्रेडमिलवर चालत. चालणारेच जास्त खुशीत! जेफ्री मिलर आणि झ्लाटान क्रिझान यांनी २०१६ साली हे प्रयोग प्रसिद्ध केले आणि मला तर ते वाचून थक्क व्हायला झालं. झाडं नाहीत, कोवळं ऊन नाही, सोबतीला मैत्रीण नाही, ‘आता मला बरं वाटणार’ असा विश्वाससुद्धा नाही. फक्त पाय हलताहेत. मग हा आनंद येतो तरी कुठून?

मन डोक्यात असतं अशी आपली ठाम समजूत असते, म्हणून त्याची दुरुस्तीही आपण डोक्यातूनच करायला बघतो. स्वतःला समजावतो, दटावतो, ‘विचार करू नकोस’ असं बजावतो आणि दुप्पट विचार करतो. चालणं मात्र मनाशी वाद घालत नाही. ते खालून, अगदी तळपायापासून कामाला लागतं.

मुळात आपल्याला चालवतं कोण? तुम्ही म्हणाल, मेंदू. थॉमस ग्रॅहम ब्राऊन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९११ साली याचं वेगळंच उत्तर काढलं. त्याने मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केल्या. तरी मागच्या पायांच्या स्नायूंची आळीपाळीने आकसण्या-सैलावण्याची लय उमटतच राहिली. म्हणजे चालीचा ठेका पाठीच्या कण्यातच भरलेला आहे! (हा गृहस्थ पट्टीचा गिर्यारोहक होता. आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताच्या ब्रेन्व्हा कड्यावर त्याने नव्या वाटा काढल्या. पायांचं गूढ उकलायला असाच माणूस हवा.) आपल्याही मज्जारज्जूत असं लयीचं जाळं आहे. निघायचं कधी, वळायचं कुठे, खड्डा कसा चुकवायचा एवढं मेंदू सांगतो. बाकी पावलामागून पाऊल पडत राहतं आणि वरचा मजला बराचसा मोकळा राहतो.

त्या मोकळ्या मजल्यावर काय घडतं? स्टॅनफर्ड विद्यापीठात मारिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी लोकांना रोजच्या वापरातल्या वस्तूंचे आगळेवेगळे उपयोग सुचवायला सांगितले. बसून सुचवले त्यापेक्षा चालताना सरासरी ६० टक्के जास्त सुचले, तेही कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालताना. अडलेलं वाक्य, न सुटणारा हिशेब, घरातल्या कुणाला काय आणि कसं सांगावं याचा गुंता, हे सगळं पाय मोकळे करायला बाहेर पडल्यावर सुटू लागतं ते उगाच नव्हे.

आता जरा पोटरीला हात लावून एक पाऊल टाका. ती घट्ट होते, मग सैल पडते. पायात उतरलेलं रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, जवळजवळ चार फूट वर हृदयापर्यंत न्यायचं काम या आकसण्याने होतं. आतल्या शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. पोटरी आवळली की रक्त वर सरकतं, सैलावली की झडपा मिटतात आणि ते परत खाली येत नाही. वैद्यकात पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यासाठीच. शिवाय तळपाय जमिनीवर टेकतो तेव्हा धमन्यांमधून दाबाची एक बारीक लाट वर जाते आणि मेंदूकडचा रक्तप्रवाह थोडासा वाढवते, हे न्यू मेक्सिकोतल्या संशोधकांनी अल्ट्रासाउंड लावून मोजलं. तुम्ही रस्त्यावर टाकलेलं पाऊल मेंदूच्या दारापर्यंत पोचतं, तेही प्रत्येक वेळी!

आणि लय? तिचीही गंमत आहे. सेरोटोनिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नैराश्यावरची बरीच औषधं याच रसायनाशी निगडित असतात. मेंदूत ते तयार करणाऱ्या पेशी त्याच्या देठाशी असतात. प्रिन्स्टन विद्यापीठात बॅरी जेकब्स यांनी जागत्या मांजरांमध्ये या पेशींची धडधड वर्षानुवर्षं टिपली. ती कशाने वाढावी? चघळण्याने, अंग चाटण्याने, चालण्याने. ठेक्यात, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींनी. ट्रेडमिलचा वेग वाढवला की यातल्या काही पेशी तितक्याच भरभर संदेश सोडू लागत. हे वाचल्यापासून दिंडीत टाळाच्या ठेक्यावर पडणारी शेकडो पावलं मी वेगळ्याच कुतूहलाने बघते. दिवे घाटाची चढण संपत आली तरी ठेका ढळत नाही.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठा चमत्कार या पुढचा आहे, त्याच्यापाशी जरा थांबू या.

दूध, डाळी, अंडी, शेंगदाणे यांतून आपल्याला ट्रिप्टोफॅन नावाचा घटक मिळतो. त्यातून शरीर सेरोटोनिन बनवतं, पण ते थोडंच. बराचसा ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेने जातो आणि त्यातून कायन्युरेनिन हा पदार्थ तयार होतो. दीर्घकाळ ताण असला, शरीरात कुठे दाह धुमसत असला, की कायन्युरेनिन वाढतं. ते रक्तातून मेंदूत शिरतं आणि तिथे त्याच्यापासून चेतापेशींना त्रास देणारी द्रव्यं बनू शकतात. नैराश्याशी त्याचा संबंध जोडला जातो तो यामुळे.

स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत जॉर्जे रुआस आणि सहकाऱ्यांनी काही खास उंदीर वापरले. व्यायामाने स्नायूंमध्ये एक प्रथिन वाढतं. या उंदरांच्या स्नायूंत ते जन्मापासूनच जास्त होतं, म्हणजे व्यायाम न करताही त्यांचे पाय कसलेले. त्यांना आणि साध्या उंदरांना पाच आठवडे छळलं: मोठे आवाज, लुकलुकणारे दिवे, दिवसरात्रीची उलटापालट. साधे उंदीर उदास झाले. कसलेल्या पायांचे उंदीर ठणठणीत!

संशोधकांना वाटलं होतं, या स्नायूंतून काहीतरी गुणकारी द्रव्य पाझरत असणार. निघालं उलटंच. स्नायू काही देत नव्हते, ते काहीतरी काढून घेत होते. कसलेल्या स्नायूंत काही विकरं जास्त असतात आणि ती कायन्युरेनिनचं रूपांतर कायन्युरेनिक आम्लात करतात. एवढासा बदल, पण त्याने सगळा खेळ पालटतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत सोसायटीच्या गेटवरच्या कडक वॉचमनसारखी असते. कायन्युरेनिनला तो ओळखतो, आत सोडतो. पण वाटेत स्नायूंनी त्याचं ओळखपत्रच बदलून टाकलं, तर गेटवर त्याला मज्जाव! २०१४ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. दमसास वाढवणारा व्यायाम काही आठवडे करणाऱ्या माणसांच्या स्नायूंमध्येही ही विकरं वाढलेली दिसली.

जरा विचार करा. जे मनाला खाली ओढू शकतं, ते मेंदूच्या दाराशी पोचण्याआधीच मांडीत निकामी होतंय. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आपण आपले भाजीचे भाव मनात घोळवत चाललेलो असतो.

मन चालीवर उमटतं हे आपण रोज बघतो. सकाळी पर्वतीच्या पायऱ्यांवर किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्याशी पाच मिनिटं उभं राहा. एखाद्याचे हात अंगाशी चिकटलेले, खांदे पुढे पडलेले, डोकं वरखाली होतच नाही, शरीर मात्र डावीउजवीकडे झुलतंय. चेहरा न बघताही आपण ओळखतो, स्वारी आज उदास आहे. योहानेस मिखालाक आणि निकोलाउस ट्रोये या संशोधकांनी याच खुणा मोजून घेतल्या आणि प्रश्न उलटा केला. चाल बदलली तर मन बदलेल का? लोकांना ट्रेडमिलवर चालवलं, समोर एक काटा ठेवला आणि सांगितलं, काटा अमुक बाजूला जाईल असं चाला. काटा काय मोजतोय हे सांगितलं नाही. काहींची चाल नकळत उमदी झाली, काहींची नकळत खचलेली. चालता चालता त्यांना बरेवाईट शब्द ऐकवले आणि नंतर अचानक विचारलं, कोणते आठवतात? खचलेल्या चालीने चाललेल्यांना वाईट शब्दच तुलनेने जास्त आठवले. उदासीत जुनी दुखणी का वर येतात, याचा एक धागा असा थेट खांद्यापर्यंत जातो.

आणि तेच तेच उगाळत बसणं? त्याची तर मेंदूत जागाच सापडली आहे. स्टॅनफर्डच्याच ग्रेगरी ब्रॅटमन यांनी २०१५ साली ३८ निरोगी लोकांना दीड तास चालायला पाठवलं, निम्म्यांना ओकची झाडं असलेल्या माळावर, निम्म्यांना गाड्यांच्या गर्दीच्या महामार्गाकडेने. माळावरून आलेल्यांचं उगाळणं कमी झालं आणि कपाळामागच्या, त्या उगाळण्याशी जोडलेल्या भागाची धावपळही शमली. महामार्गवाल्यांमध्ये तसं झालं नाही. शहरातली टेकडी म्हणजे बिल्डरची वाट पाहणारी रिकामी जागा नव्हे, हे नगररचनाकारांना पटवायला याहून चांगला पुरावा कुठला हवा? वेताळ टेकडीसाठी पुणेकर भांडतात ते किती रास्त आहे!

औषधाच्या तोडीचं असतं का हे सगळं? ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथाल यांनी तीव्र नैराश्य असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ जणांचे तीन गट केले. एकाला आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली भरभर चालणं, धावणं किंवा सायकल, दुसऱ्याला गोळ्या, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सावरले होते. बऱ्या झालेल्यांना प्रयोग सुरू झाल्यापासून दहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा नुसत्या गोळ्यांच्या गटात ३८ टक्क्यांना नैराश्याने पुन्हा गाठलं होतं, व्यायामाच्या गटात ८ टक्क्यांना.

हे आकडे वाचून कुणी चालू गोळ्या बंद करू नयेत, अगदी कळकळीने सांगते. या लोकांवर डॉक्टरांची नजर होती, सोबत गट होता. आणि नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला ‘जरा फिरून ये, बरं वाटेल’ असं वरवर म्हणणं मला क्रूर वाटतं. चप्पल पायात सरकवण्याचं बळसुद्धा हा आजार हिरावून घेतो. अशा वेळी सल्ल्यापेक्षा दारात उभं राहून ‘चल, मीही येते’ म्हणणारं माणूस उपयोगी पडतं. आणि जगणंच नकोसं वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं.

निरोगी मनसुद्धा उंबऱ्यापाशी अडतंच. कॅनडातल्या ओटावा शहरात कार्लटन विद्यापीठाच्या इमारती भुयारी वाटांनी जोडलेल्या आहेत. एलिझाबेथ निस्बेट आणि जॉन झेलेन्स्की यांनी काही विद्यार्थ्यांना भुयारातून चालवलं, काहींना बाहेर कालव्याच्या काठाने, आणि आधीच विचारून ठेवलं, कितपत मजा येईल? बाहेर चालणाऱ्यांना सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त मजा आली. कंटाळलेलं मन ‘आज नको’ म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं, त्याचा अंदाजच कच्चा असतो.

रोज दहा हजार पावलं नाही झाली तर? तो आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातून तो जगभर पसरला. नैराश्यापुरतं बोलायचं तर १ लाख ९१ हजार लोकांची माहिती एकत्र करणारा एक अभ्यास २०२२ साली आला. आठवड्याला अडीच तास भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचा धोका २५ टक्क्यांनी कमी होता, आणि त्याच्या निम्मीच हालचाल करणाऱ्यांतही १८ टक्क्यांनी! पहिल्या थोड्या मिनिटांनाच सगळ्यात जास्त भाव आहे.

वर्षभर चालत राहिलं तर काय होतं, तेही बघू. कानांच्या पातळीवर, मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आठवणी आणि भावना दोन्हींशी त्याचा संबंध. दीर्घ नैराश्यात तो अनेकदा लहान झालेला दिसतो, आणि वयाबरोबरही दरवर्षी थोडा थोडा आकसतो. कर्क एरिक्सन आणि आर्थर क्रेमर यांनी ५५ ते ८० वयाच्या १२० बैठ्या लोकांना वर्षभर व्यायाम दिला. निम्मे आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालायचे, निम्मे नुसते स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम करायचे. वर्षाने मेंदूची चित्रं काढली. ताणवाल्यांचा हिप्पोकॅम्पस अपेक्षेप्रमाणे सुमारे १.४ टक्के आकसला होता. चालणाऱ्यांचा २ टक्के वाढला होता. उतारवयातल्या माणसांचा मेंदू, आणि वाढला!

यातले बहुतेक जण कित्येक वर्षांत असं चालले नव्हते. पहिल्याच दिवशी ४० मिनिटं त्यांना जमलीही नसती. म्हणून दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत त्यांना सातव्या आठवड्यात तिथवर आणलं. पहिल्या आठवड्यात त्यांना चालायचं होतं फक्त १० मिनिटं.