क्रिल किती, यापेक्षा कुठे

अंटार्क्टिक क्रिल हा दिसायला कोळंबीच्या पिल्लासारखा, फार तर सहा सेंटिमीटर लांबीचा आणि दोनेक ग्रॅम वजनाचा जीव. दक्षिण महासागरातले देवमासे, सील, पेंग्विन, मासे आणि समुद्रपक्षी बहुतांशी त्याच्याच जिवावर जगतात. तो थव्याने राहतो आणि दाट थव्यात एका घनमीटर पाण्यात हजारो क्रिल असतात. त्यामुळे देवमाशाला तो घाऊक भावात मिळतो, आणि जाळे टाकणाऱ्या माणसालाही.

माणसाचा हात आधी माशांवर पडला. साउथ जॉर्जिया बेटाभोवती संगमरवरी रॉककॉड नावाचा मासा मुबलक होता. १९६९-७० च्या एका हंगामात सोव्हिएत जहाजांनी तो सुमारे चार लाख टन उपसला. दोन-तीन वर्षांत मासा संपल्यात जमा झाला आणि पुढे कित्येक दशके सावरला नाही. मग जहाजे क्रिलकडे वळली. क्रिलचीही तीच गत होईल, या धास्तीतून १९८० मध्ये अंटार्क्टिक सागरी सजीवांच्या संरक्षणाचा करार झाला आणि ७ एप्रिल १९८२ रोजी तो अमलात आला. त्याच्या आयोगाचे कार्यालय ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला आहे. एखादा मासा पकडताना त्याच्यावर पोट असलेल्या इतर प्राण्यांचाही हिशेब धरायचा, हे या कराराचे वेगळेपण.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम याच सुमाराची. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ती ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातल्या मुरगाव बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. भारत १९८५ मध्ये करारात आला, १९८६ मध्ये आयोगाचा सदस्य झाला. १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ हे संशोधन जहाज खास क्रिलसाठी दक्षिणेला गेले. व्यापारी क्रिलमासेमारीत मात्र भारत उतरला नाही, आणि त्याला क्रिलचा स्वभावही कारण आहे. मेलेल्या क्रिलच्या पोटातली पाचकद्रव्ये त्याचेच मांस काही तासांत विरघळवू लागतात. कवचात फ्लोराइड भरपूर असते आणि वेळेत सोलले नाही तर ते मांसात उतरते. म्हणजे पकडलेल्या मालावर जहाजावरच तातडीने प्रक्रिया करावी लागते. क्रिल जगाचे पोट भरेल अशी १९७० च्या दशकातली स्वप्ने इथेच अडली. आज त्याचा बराचसा भाग पाळीव सामन माशांच्या खाद्यात आणि तेलाच्या कॅप्सूलमध्ये जातो.

व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न मोजणीचा. भंडारदऱ्यासारख्या जलाशयाला काठ असतो. तिथे मत्स्यबीज सोडता येते, मासेमारीचा ठेका देता येतो, वाईट वर्ष आलेच तर पुन्हा बीज टाकता येते. ध्रुवीय समुद्रात यातले काहीच चालत नाही. तिथे जहाजातून ध्वनिलहरी खाली सोडतात आणि थव्यावर आपटून परतणारा प्रतिध्वनी नोंदवतात. क्रिल पाण्यात किती तिरका पोहतो यावरही प्रतिध्वनीचा जोर बदलतो, त्यामुळे नोंदीवरून वजन काढण्याचे सूत्र नाजूक असते. २००० साली चार देशांच्या जहाजांनी नैर्ऋत्य अटलांटिकची पाहणी केली, तेव्हा उत्तर आले ४.४३ कोटी टन. पुढे त्याच नोंदी सुधारित सूत्राने पुन्हा तपासल्या तर ते ६.०३ कोटी झाले. समुद्रात नवा क्रिल आला नव्हता, गणित बदलले होते. २०१९ च्या नव्या पाहणीत ६.२६ कोटी टनांचा अंदाज निघाला. वय ठरवणेही अवघड, कारण उपासमार झाली की क्रिल चक्क आखडून लहान होतो. लांबीवरून वय सांगावे तर फसगत.

साठ्याच्या अंदाजावर प्रारूप चालवून नैर्ऋत्य अटलांटिकसाठी वर्षाला ५६.१ लाख टनांची मर्यादा ठरली. भक्षक प्राण्यांच्या वाट्यासाठी, अंडी घालणाऱ्या क्रिलपैकी तीन चतुर्थांश साठा शाबूत राहावा, अशी अट त्यात होती. तरीही आयोगाने हात आखडता घेतला. मासेमारी कुठे व्हावी हे ठरेपर्यंत ६.२ लाख टनांवर थांबायचे, असे ठरले. म्हणजे साठ्याच्या जेमतेम एक टक्का.

एक टक्का ऐकायला निरुपद्रवी वाटतो, आणि कंपन्या तोच आकडा पुढे करतात. पण जहाजे सगळ्या समुद्रभर फिरत नाहीत. दाट थवे अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या मोजक्या सामुद्रधुन्यांत सापडतात, आणि पिल्लांना भरवणारे पेंग्विनही तिथेच शिकार करतात. पेंग्विन वसाहतीपासून फार लांब जाऊ शकत नाही. एकूण साठा कितीही असो, घराजवळचा थवा उपसला गेला तर पिल्लू उपाशी राहते. त्यात समुद्रबर्फ घटतो आहे. क्रिलच्या अळ्या पहिला हिवाळा बर्फाच्या तळाशी वाढणारे शेवाळ खाऊन काढतात, म्हणून कमी बर्फाच्या हिवाळ्यानंतर नवी पिढी रोडावते.

यासाठीच २००९ पासून ६.२ लाख टनांची चार उपविभागांत वाटणी होती. द्वीपकल्पालगतच्या भागाला १.५५ लाख टन मिळत. २०२४ मध्ये या वाटणीला मुदतवाढ देण्यावर एकमत झाले नाही आणि ती संपली. पुढच्याच हंगामात जहाजे एका जागी गोळा झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला ६.२ लाख टनांची मर्यादा इतिहासात प्रथमच गाठली जाऊन मासेमारी मुदतीआधी बंद करावी लागली. एकूण आकडा पाळला गेला आणि जागेचा प्रश्न तसाच राहिला, याचे इतके ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

टूथफिशची गोष्ट वेगळी. सावकाश वाढणारा, पन्नास वर्षांपर्यंत जगू शकणारा हा महागडा मासा १९९० च्या दशकात चोरट्या जहाजांनी लुटला. २००० पासून प्रत्येक मालासोबत पकडीचा दाखला सक्तीचा झाला. गळांच्या लांब दोऱ्यांत अडकून मरणारे अल्बट्रॉस वाचवण्यासाठी रात्रीच दोऱ्या सोडणे, त्यांना वजने बांधणे आणि पक्ष्यांना बुजवणाऱ्या फिती लावणे हे उपाय लागू झाले. उत्तर ध्रुवाकडे तर मासेमारी सुरू होण्याआधीच लगाम घातला गेला: मध्य आर्क्टिक महासागरात, पुरेसे संशोधन होईपर्यंत, किमान सोळा वर्षे व्यापारी मासेमारी न करण्याचा करार २०२१ मध्ये अमलात आला.

भारताच्या ध्रुवीय संशोधनाचे केंद्र वास्कोच्या सडा भागात आहे. तिथले शास्त्रज्ञ दक्षिण महासागरातले प्रवाह, क्षार आणि क्रिलचे अन्न असलेले सूक्ष्म वनस्पतिप्लवक अभ्यासतात. २०१२ पासून भारताचे ‘भारती’ केंद्र प्रिड्झ उपसागरालगत उभे आहे, आणि त्या पट्ट्यातही क्रिलचा मोठा साठा आहे. २०२१ मध्ये भारताने पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र ही संरक्षित सागरी क्षेत्रे करण्याच्या प्रस्तावांना पाठिंबा दिला. रॉस समुद्राला असे संरक्षण २०१६ मध्ये मिळाले. आयोगात निर्णय एकमतानेच होतात, रशिया आणि चीनचे आक्षेप कायम आहेत, आणि हे दोन्ही प्रस्ताव अजून मंजूर झालेले नाहीत.