बटाट्याचं माहेर : कुफरी

वाळवणाचे दिवस आले की मला एका वर्षीची फजिती हटकून आठवते. घरात भाचीचं लग्न निघालं. त्या धांदलीत फाल्गुन-चैत्र सरला आणि बटाट्याच्या वेफर्सना मुहूर्त लागला तो थेट मेच्या अखेरीस. दहा किलो बटाटे आणले, चकत्या पाडल्या, तुरटीच्या पाण्यातून काढल्या, उकडल्या, गच्चीवर वाळवल्या. सगळं नेहमीसारखं. आषाढी एकादशीला पहिला घाणा तळला, तर काय! वेफर्स तांबडे-काळपट! सासूबाई म्हणाल्या, "तेल फार तापलं असेल." जाऊबाई म्हणाल्या, "तुरटी कमी पडली." मी आपली गप्प!

दोष ना तेलाचा होता, ना तुरटीचा. तो होता थंडीचा! हे मला सांगितलं आमच्या नात्यातल्या एका काकांनी. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर त्यांची बटाट्याची शेती आहे. बटाटा शीतगृहात दोन ते चार अंशांच्या थंडीत महिनोन् महिने राहिला की त्यातल्या पिठुळ भागाची साखर व्हायला लागते. म्हणूनच असा बटाटा भाजीत गोडसर लागतो. आणि हीच साखर कढईत तांबडी होते.

"पण तू बटाटा घेताना कधी जात विचारतेस का?" काकांनी विचारलं.

खरं सांगा मैत्रिणींनो, तुम्ही तरी विचारता का? तांदूळ घेताना आपण आंबेमोहोर की कोलम ते बघतो, आंबा हापूस की पायरी ते वास घेऊन सांगतो. बटाटा मात्र नुसता बटाटा! काका बोटांवर नावं मोजायला लागले : कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी सिंदुरी, कुफरी पुखराज, कुफरी चिपसोना. बहिणीबहिणींचं एकच आडनाव असावं तसं! हे कुफरी म्हणजे तरी काय?

बर्फ आणि घोडे यांच्या पलीकडे

सिमल्याच्या सहलीला गेलेल्या बहुतेकींनी कुफरी पाहिली असेल. घोड्यावर बसून, याकशेजारी उभं राहून फोटो काढले असतील. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरहून उंच अशी ही जागा म्हणजे आपल्या बटाट्याचं माहेर आहे, हे मात्र तिथे सहसा कोणी सांगत नाही. १९३५ साली सिमला, कुफरी आणि कुमाऊंतल्या भवाली इथे बटाट्यावरची सरकारी केंद्रं सुरू झाली. पुढे १९४९ साली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था निघाली ती पाटण्याला. पण १९५६ साली तिने आपलं बिऱ्हाड सिमल्याला हलवलं.

का बरं? बटाटा पिकतो तर मैदानात, मग संशोधनाला डोंगर कशाला?

याला कारणं दोन. पहिलं म्हणजे फुलं. नवी जात काढायची तर एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर घालावे लागतात. मैदानातला बटाटा थंडीतल्या लहान दिवसांत वाढतो. त्याला फुलं-फळं नीट धरत नाहीत. डोंगरात उन्हाळ्याचे लांब दिवस आणि गार हवा मिळाली की तो फुलतो, त्याला हिरव्या टोमॅटोएवढी इवली फळं लागतात. (ती खायची मात्र नाहीत हं, विषारी असतात.) त्या फळांतल्या बियांची हजारो रोपं लावायची, नापसंत रोपं टाकत जायची आणि दहा-बारा वर्षांनी त्यातलं एखादं नाव मिळवतं. उपवर मुलीसाठी स्थळं बघण्यापेक्षाही चिकाटीचं काम!

आईचं दुखणं लेकराला

दुसरं कारण अधिक मोठं. शेतकरी बटाटा लावतो तो बी पेरून नव्हे, बटाट्याचाच डोळा असलेला तुकडा लावून. म्हणजे नवं झाड हे आईचाच एक भाग. मग आईला जे दुखणं ते लेकरालाही होणारच. बटाट्याचे विषाणूरोग असेच पिढ्यान् पिढ्या उतरतात. दरवर्षी घरचंच बियाणं लावलं तर पाने मुडपतात, बटाटे गोट्यांएवढे होतात आणि शेतकरी जमिनीला बोल लावतो.

हे विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो मावा. आपल्या कुंडीतल्या गुलाबावर येतो ना, त्याच जातकुळीचा किडा. डोंगरातल्या गार, वाऱ्याच्या हवेत तो फारसा टिकत नाही. म्हणून निरोगी बियाणं डोंगरात करायचं आणि खाली पाठवायचं, असा रिवाज पडला. पण त्यातही अडचण होतीच. डोंगरातला बटाटा काढला जातो पावसाळा संपताना. त्याची झोपच पुरी झालेली नसते, कोंब फुटलेले नसतात आणि मैदानातली लावणीची वेळ तर दारात येऊन ठेपलेली!

डॉ. पुष्करनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. मैदानातही ऑक्टोबर ते डिसेंबर मावा जवळजवळ नसतो, हे त्यांनी पानं मोजून दाखवलं. मग निरोगी बियाणं ऑक्टोबरच्या मध्याला लावायचं, रोगट झाड दिसलं की उपटायचं, आणि शंभर पानांवर वीस मावे होण्याआधी, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, झाडांचा पाला कापून टाकायचा. बटाटे जमिनीत दोन-तीन आठवडे ठेवायचे, साल घट्ट झाली की काढून शीतगृहात ठेवायचे.

सांगायला किती सोपं! पण हिरव्यागार पिकावर विळा चालवायचा म्हणजे शेतकऱ्याच्या जिवावरच येणार. आणखी महिनाभर पीक उभं राहिलं तर बटाटे मोठे होतील, हे त्याला दिसत असतं. पानाखालचा मावा दिसत नसतो. म्हणून नुसतं शोधून भागत नाही, शिकवावं लागतं, प्रत्यक्ष शेतात करून दाखवावं लागतं. ती शिकवण रुजली म्हणूनच पंजाबच्या मैदानात बियाण्याचा बटाटा पिकू लागला, आणि तेच बियाणं ट्रक भरभरून आपल्या मंचरच्या बाजारात येतं.

'लवकर' नावाची लेक

आपल्या पठाराचीही आठवण संस्थेने ठेवली. १९६८ साली ज्योती आणि चंद्रमुखी आल्या. त्यानंतर १९७२ साली दख्खनच्या उबदार हवेत झटपट पोसणारी एक जात आली. तिचं नाव 'कुफरी लवकर'. हो, आपलाच मराठी शब्द! आणि आमच्या वेफर्सच्या दुखण्यावरचा इलाज म्हणजे १९९८ सालची 'कुफरी चिपसोना'. तिच्यात मुळातच साखर कमी. शिवाय वेफर्सचा बटाटा दहा-बारा अंशांवर ठेवला तर साखर फारशी वाढत नाही, हेही दाखवून दिलं गेलं.

मात्र माहेरालाही दृष्ट लागते. २०१८ साली हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर इथल्या डोंगरांत मुळांना लागणारे सूत्रकृमी आढळले आणि तिथून बियाण्याचा बटाटा बाहेर नेण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली. ज्या मातीवर भरवसा, तीच नासली तर करायचं काय? यावरची एक वाट म्हणजे मातीच नको! प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं बंद पेटीत टांगायची, मुळांवर खताच्या पाण्याचं धुकं सोडायचं, आणि अधांतरी लागलेले सुपारीएवढे बटाटे खुडून घ्यायचे. संस्थेने ही पद्धतही बसवून दाखवली आहे.

काकांचं एक वाक्य माझ्या मनात राहिलं आहे. "बियाणं म्हणजे विश्वास गं. डोळ्यांनी बघून कळत नाही, कोणीतरी आधी सांभाळलेलं असावं लागतं." टोपलीतल्या साध्या बटाट्यामागे इतक्या जणांचं सांभाळणं असतं!

एवढं लक्षात ठेवा

• वेफर्स, कीस फेब्रुवारी-मार्चमध्ये, नव्या काढणीचा बटाटा आला की करून टाका.

• बटाटे शीतगृहातले असतील तर दोन-तीन आठवडे घरात उघड्यावर, पण अंधारात ठेवा. साखर बरीच उतरते. आधी चार चकत्या तळून बघा, मगच दहा किलोंना हात घाला.

• बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. हवेशीर, अंधाऱ्या जागी टोपलीत किंवा गोणपाटावर पसरून ठेवा.

• उजेडाने हिरवा झालेला भाग जाड कापून टाका, कोंब खोलवर काढा. फार हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा फेकूनच द्या. तो विषार उकडूनही जात नाही.

आणि हो, पुढच्या खेपेला भाजीवाल्याला जात जरूर विचारा. "कुफरी कुठली?" असं म्हटलंत तर तो आधी चमकेल, पण दोनदा विचारलंत की तिसऱ्यांदा सांगायला लागेल!