जेवण, सेवा आणि दाम : मोठ्या हॉटेलात तराजू कसा धरावा?

जालना रोडने चिकलठाण्याचे विमानतळ मागे टाकले की शहर संपले, असे एकेकाळी वाटायचे. आता तिथून पुढेच नवे शहर सुरू होते. 2001 मध्ये शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा मोटार कारखाना सुरू झाला. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये शेंद्रा आणि बिडकीन मिळून ‘ऑरिक’ नगरी आखली गेली आणि 7 सप्टेंबर 2019 रोजी ऑरिक हॉलचे उद्घाटन झाले. कारखाने आले, त्यांच्यामागे देशी-परदेशी पाहुणे आले आणि पाहुण्यांसाठी या रस्त्यावर पांढऱ्या टेबलक्लॉथची, मंद दिव्यांची हॉटेले आली.

ही हॉटेले आता केवळ कंपनीच्या साहेबांची राहिलेली नाहीत. मुलाचा पहिला पगार झाला, मंगनी ठरली, आखाती देशातून भाऊ सुट्टीवर आला, की आपली कुटुंबेही तिकडे वळतात. खावे, खुशी करावी. अल्लाहने दिलेल्या नेमतीचा आनंद घेण्यात काही गैर नाही. पण एका संध्याकाळचे बिल काही घरांत महिन्याच्या किराण्याइतके होते. एवढा पैसा देताना आपण काय विकत घेतो, ते पुरेसे मिळाले का आणि कमी पडले तर बोलावे की गप्प बसावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. म्हणून हा लेख. कोणत्याही हॉटेलचे नाव आम्ही घेणार नाही. एका जेवणावरून कुणाच्या रोजीला बट्टा लावणे न्यायाचे नाही. शिवाय खानसामा बदलला की चवही बदलते.

अन्नाला नावे ठेवणे वेगळे, सौदा तपासणे वेगळे

मोठ्या हॉटेलात आपली माणसे बोलत नाहीत, याचे एक कारण संकोच. वेटर इंग्रजीत पदार्थ समजावतो, मेनूकार्डावरची नावे कळत नाहीत, आणि “एवढेसे विचारले तर काय म्हणतील?” असे वाटते. दुसरे कारण आपल्या संस्कारात आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर बाजूला ठेवले, असे हदीसमध्ये आहे. लहानपणापासून आपण हेच ऐकतो आणि ते योग्यच आहे. कुणी प्रेमाने दस्तरखानावर बोलावले असता मीठ कमी-जास्त काढणे हा यजमानाचा अपमान आहे.

पण दुसरी हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. म्हणजे मेजवानीचा दस्तरखान एक, बाजार दुसरा. हॉटेलात अन्न विकले जाते. तिथे शांतपणे विचारणे आणि पाहणे ही नाशुक्री नव्हे, तो ग्राहकाचा हक्क आहे.

आपल्या इतिहासात याची एक पूर्ण व्यवस्था होती. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मुहतसिब’ म्हणत. हजरत उमर (रजि.) यांनी मदिनेच्या बाजाराचे काही काम हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह या विदुषीकडे सोपवले होते, अशी रिवायत आहे. बाराव्या शतकात शाम देशात अश्-शैझरी यांनी मुहतसिबांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात भटारखान्यांचे नियमही आहेत : भांडी गरम पाण्याने धुवावीत, माश्या-किड्यांपासून झाकून ठेवावीत, एका जनावराच्या मांसात दुसऱ्याचे मिसळू नये. भाजलेल्या बकऱ्याची परीक्षा तर वाचण्यासारखी आहे. भट्टीत घालण्यापूर्वी त्याचे वजन करून नोंदवावे, बाहेर काढल्यावर पुन्हा करावे. तिसरा हिस्सा घटला असेल तर ते नीट भाजले गेले असे समजावे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या बुजुर्गांना ताटातल्या पदार्थाची तपासणी कमीपणाची वाटत नव्हती.

पहिला पारडा : ताटातले जेवण

आपल्या शहरात जेवणाची परीक्षा करायला परदेशी पदार्थ कशाला हवेत? नान-खलिया आहेच. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या लष्करी भटारखान्याशी या पदार्थाचे नाते सांगितले जाते. तंदुरातला पिवळसर नान आणि मोठ्या देगेतला मटणाचा खलिया जुन्या शहरात आजही मिळतो, लग्नात तर तो हवाच. हाच खलिया आता काही मोठ्या हॉटेलांत तांब्याच्या वाटीत ‘खास शाही’ म्हणून येतो.

तेव्हा स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. मटण मऊ शिजले आहे, की रश्शात नंतर सोडले आहे? मसाला आतपर्यंत मुरला आहे, की वरून तुपाचा तवंग आहे? नान गरम आणि ताजा आहे, की पुन्हा तापवला आहे? देगेतल्या खलियाला रात्रभराची आच आणि अनुभवी हात लागतो. मोठ्या हॉटेलात तेच पातेले लहान होते आणि ‘ऑर्डर’ आल्यावर गरम केले जाते. म्हणून अनेकदा रस्त्यावरचा खलिया चवीत सरस ठरतो. उलट कबाब, तंदुरी मासळी, ताजे सूप अशा तिथल्या तिथे तयार होणाऱ्या पदार्थांत चांगल्या स्वयंपाकघराचा कस दिसतो. मोठ्या हॉटेलात जायचेच असेल, तर जे तिथे चांगले होते ते मागवावे.

मेनूत ज्या पदार्थापुढे दर छापलेला नाही, ‘त्या दिवशीच्या भावाने’ असे लिहिले आहे, त्याचा भाव मागवण्याआधीच विचारावा. आमच्या घरच्या एका जेवणात पापलेट असेच मागवले गेले. भाव विचारायला सगळ्यांना लाज वाटली आणि बिलात तो एकटा मासा बाकी दोन भाज्या आणि बिर्याणीपेक्षा महाग निघाला. हॉटेलने काही लपवले नव्हते. आपणच विचारले नाही. संकोचाची किंमत अशी चुकवावी लागते.

हलालबद्दल विचारायचे ते नेमके विचारा

“हलाल है ना?” “जी सर.” एवढ्या संवादावर समाधान मानू नये. मांस कुणाकडून येते, ताजे की गोठवलेले, आणि हलाल प्रमाणपत्र असेल तर ते पुरवठादाराचे की या हॉटेलचे, हे विचारावे. परदेशी पाहुण्यांसाठी डुकराचे मांस शिजवले जात असेल, तर तवा, तेल आणि चिमटे वेगळे आहेत का, हेही विचारावे. काही पाश्चात्त्य सॉसमध्ये वाइन घालतात. मूस, पॅना कोटा, काही चीझकेक यांत जिलेटिन असते आणि ते कोणत्या प्राण्याचे, हे मेनूवर सहसा लिहिलेले नसते. मुलांसाठी गोड मागवताना हा प्रश्न विसरला जातो.

जिथे दारूचे पेले फिरतात त्या दस्तरखानावर बसू नये, अशी हदीसची शिकवण आहे. बार वेगळा आहे का, कुटुंबासाठी निराळे दालन आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावे. पोहोचल्यावर दारातून परत फिरण्यापेक्षा ते सोपे. मगरिबची वेळ जेवणाच्या वेळेला लागूनच येते. नमाजसाठी कोपरा मिळेल का, हेही त्याच फोनवर विचारावे. आमचा अनुभव असा की नीट विचारले तर बहुतेक ठिकाणी व्यवस्थापक स्वतः येऊन माहिती देतात. जिथे टाळाटाळ होते, तिथे शाकाहारी जेवून उठावे किंवा दुसरे ठिकाण पाहावे.

दुसरा पारडा : सेवा आणि सर्व्हिस चार्ज

मोठ्या हॉटेलात आपण चवीइतकेच पैसे मोकळी जागा, स्वच्छ स्वच्छतागृह, वृद्धांसाठी उतार, मुलांसाठी उंच खुर्ची आणि घाई न करता बसण्याची मुभा यांसाठी मोजतो. गुडघेदुखीच्या अम्मींना पायऱ्या चढाव्या लागल्या आणि बाळाला घेऊन बसायला कोपरा मिळाला नाही, तर झुंबरे कितीही लखलखोत, सेवा उणीच. आणि बुरख्यातल्या बाईंशी वेटर तितक्याच अदबीने बोलतो का, जितका टाय लावलेल्या साहेबांशी, ही सेवेची खरी परीक्षा आहे.

आता बिलाकडे येऊ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये. तो देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे. 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वे कायम ठेवली. त्यावर हॉटेलचालकांच्या संघटनांनी अपील केले आहे. तरीही बिलात ही ओळ दिसली तर “हा चार्ज काढून द्या” असे शांतपणे सांगता येते. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

जीएसटी मात्र द्यावाच लागतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये तो 5 टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला 7,500 रुपयांच्या वर जाते, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये साधारणपणे 18 टक्के. हा फरक किती पडतो ते पाहा. समजा, सहा जणांचे जेवण 4,800 रुपयांचे झाले. 5 टक्के कराने बिल 5,040 होते, 18 टक्क्यांनी 5,664. त्यात आधी 10 टक्के सर्व्हिस चार्ज जोडला आणि एकूण रकमेवर कर लावला, तर हेच आकडे 5,544 आणि सुमारे 6,230 होतात. म्हणजे तेच जेवण, पण दोन टोकांत जवळपास 1,200 रुपयांचे अंतर. मेनूवरचे दर कर धरून आहेत की कर वेगळा, हे बसतानाच विचारावे. बाटलीबंद पाण्याचे ग्लास भरण्याआधी “साधे फिल्टरचे पाणी द्या” असे सांगावे. हॉटेलात बसून पिण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये म्हटले आहे. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक असणे 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे. तोही पाहून घ्यावा.

सर्व्हिस चार्ज नाकारला म्हणजे वेटरला विसरायचे, असे नव्हे. ताट वाढणारी बरीच मुले करमाड, कुंभेफळ, लाडगाव अशा आसपासच्या गावांतून किंवा दूरच्या राज्यांतून आलेली असतात. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी शिकवण असलेली आपली उम्मत आहे. त्यांचा पगार देणे मालकाचे काम. पण सेवा चांगली झाली असेल तर बक्षिसी थेट त्यांच्या हातात द्यावी.

तिसरी गोष्ट : इस्राफ

दामाचा हिशेब बिलावर संपत नाही. कुरआनात सूरह अल-अअराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच मर्यादा न ओलांडण्याची ताकीद आहे. बुफेत ही मर्यादा सर्वाधिक सुटते. ‘पैसे दिलेत, वसूल करा’ या भावनेने ताटे भरली जातात आणि अर्धी तशीच उचलली जातात. रमजानमध्ये मोठ्या हॉटेलांत इफ्तारचे बुफे लागतात, तिथले उष्टे पाहून मन खिन्न होते. सहा जणांत आधी चार पदार्थ मागवा, कमी पडले तर आणखी मागवा. उरलेले बांधून न्यायला लाजू नका. ते आपण विकत घेतलेले आहे. आणि परवडत नसताना केवळ नातेवाईकांत नाव व्हावे म्हणून मंगनीची दावत तिथे देऊ नका. कर्ज काढून दिलेल्या मेजवानीत बरकत नसते.

पारडे दोन्ही बाजूंचे

सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये त्या लोकांना धिक्कारले आहे जे घेताना माप भरून घेतात आणि देताना कमी देतात. ही ताकीद आपण दुकानदारापुरती समजतो. पण ग्राहकाच्या हातातही माप असते. टेबल राखून ठेवून न येणे, पंधरा मिनिटांच्या उशिरावरून पोरसवदा वेटरवर ओरडणे, सगळा पदार्थ संपवून तो चांगला नव्हता म्हणून पैसे कापायला लावणे, एका बिघडलेल्या पदार्थावरून गावभर हॉटेलची बदनामी करणे, हेही कमी मापच. खलिया खारट झाला तर पहिल्या घासालाच नम्रपणे सांगावे, म्हणजे बदलून देता येतो. चांगला झाला असेल तर खानसाम्यापर्यंत दाद पोहोचवावी. तीही त्याची रोजीच आहे.

शेंद्र्याच्या रस्त्यावर हॉटेले वाढत राहतील आणि आपली मुले आपल्यापेक्षा अधिक वेळा तिथे जातील. विचारायला लाजायचे नाही आणि द्यायला कचरायचे नाही, या दोन सवयी त्यांना आपल्याबरोबरच्या जेवणातूनच लागतील.