न्यूट्रिनोंची शलाका व त्यांची दोलने

मुंबईतील ट्रॉम्बे येथून कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटर आहे. जपानच्या पूर्व किनाऱ्यावरील तोकाई ते कामिओका हे अंतरही जवळजवळ तेवढेच, म्हणजे २९५ किलोमीटर भरते. तोकाई येथे निर्माण केलेली न्यूट्रिनो कणांची शलाका २०१० पासून कामिओकाच्या डोंगराखालील उपकरणाकडे सोडण्यात येते. मध्ये बोगदा नाही, नळ नाही. शलाका खडकातूनच जाते. पृथ्वी गोल असल्याने ही सरळ रेषा मध्यावर समुद्रसपाटीखाली सुमारे १.७ किलोमीटर उतरते. अशीच शलाका ट्रॉम्बेहून रंकाळ्याच्या रोखाने सोडली, तर ती महाबळेश्वरच्या परिसराखालून जाईल आणि वर स्ट्रॉबेरीच्या मळ्यात राबणाऱ्यास तिचा पत्ताही लागणार नाही.

न्यूट्रिनो हा विद्युतभाररहित व अत्यंत हलका कण होय. सूर्याकडून येणारे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो पृथ्वीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदास आरपार जातात. त्यांचे इलेक्ट्रॉन, म्यूऑन व टाऊ असे तीन प्रकार आहेत. वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा त्या प्रयोगात प्रमुख वाटा होता. पुढे १९९८ मध्ये कामिओका येथे असे आढळून आले की, पृथ्वीच्या पलीकडून येणारे म्यूऑन न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा कमी भरतात. ते नष्ट होत नाहीत, वाटेत प्रकार बदलतात. या प्रकारबदलास दोलन म्हणतात. न्यूट्रिनोंना वस्तुमान असल्याखेरीज ते घडू शकत नाही आणि तोवर ते वस्तुमान शून्य मानले जात असे. या शोधाबद्दल ताकाआकी काजिता व आर्थर मॅक्डोनल्ड यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आकाशातून येणाऱ्या न्यूट्रिनोंची वेळ व दिशा संशोधकाच्या हाती नसते. म्हणून ते कणवेगवर्धकात तयार करावे लागतात. वेगवान प्रोटॉन ग्रॅफाइटवर आदळवितात. त्यातून निघणारे पायॉन कण चुंबकीय क्षेत्राने एका दिशेस वळवितात. हे पायॉन लांब पोकळीत ऱ्हास पावून म्यूऑन न्यूट्रिनो देतात. पहिली मोजणी २८० मीटरवर होते, दुसरी कामिओकास. शेतातून निघताना व कारखान्याच्या काट्यावर, असे दोन्हीकडे वजन केले म्हणजे वाटेत उसाला किती घट आली ते कळते, तसाच हा हिशेब. मात्र येथे घटीबरोबर मालाचा प्रकारही पाहावयाचा असतो.

शलाका तीव्र का हवी, ते २०१३ च्या आकड्यांवरून स्पष्ट होते. तोवर तोकाईत ६६ वर १९ शून्ये इतके प्रोटॉन आदळविण्यात आले होते. त्यातून कामिओकास इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोंच्या घटना मिळाल्या अवघ्या २८! दोलन होत नसते, तर सुमारे ५ च अपेक्षित होत्या.

भारतात थेनी जिल्ह्यातील डोंगरात वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०१५ मध्ये मंजुरी दिली. तेथे कणवेगवर्धक नव्हताच. वातावरणातील न्यूट्रिनोच मोजावयाचे होते. तथापि स्थानिकांचा विरोध झाला आणि २०२२ मध्ये तमिळनाडू शासनाने पश्चिम घाटातील वन्यजीवांचे कारण देऊन सर्वोच्च न्यायालयात नकार कळविला. न्यूट्रिनोंपासून अपाय होईल ही भीती निराधार होती. बोगद्यामुळे जंगलाचे व पाण्याचे काय होईल, ही शंका तशी नव्हती. राधानगरी-दाजीपूरच्या रहिवाशांना ती सहज उमगेल. दोन्ही प्रश्न एकत्र मिसळले गेले, हे दुर्दैव.

अमेरिकेत फर्मी प्रयोगशाळेपासून १,३०० किलोमीटरवरील एका जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, द्रवरूप आर्गॉनने भरावयाची प्रचंड उपकरणे उभारली जात आहेत. न्यूट्रिनोविषयक सहकार्याचा करार भारत व अमेरिका यांच्यात २०१८ मध्ये झाला. या प्रयोगाच्या शलाकेसाठी बांधल्या जाणाऱ्या नव्या वेगवर्धकाकरिता ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने चुंबके व रेडिओ-लहरींची शक्तिवर्धक यंत्रे विकसित केली. न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो यांची दोलने सारखीच असतात की वेगळी, हे तेथे तपासावयाचे आहे. ती वेगळी ठरल्यास, विश्वात प्रतिद्रव्य जवळपास नाहीसे होऊन द्रव्यच का उरले, या कोड्याचा एक धागा हाती येईल.