विश्लेषण : मेलबर्नजवळच्या या प्राणी उद्यानात वाघ-सिंह का नाहीत?

ऑस्ट्रेलियात मुला-नातवंडांकडे गेलेल्या मराठी आजी-आजोबांना एका दिवसात कांगारू, कोआला, वोम्बॅट पाहायचे असतील, तर हील्सव्हिल सँक्च्युरी हे सोयीचे ठिकाण. मेलबर्नपासून साधारण 65 किलोमीटर, गाडीने तासाभराचा रस्ता. मात्र येथे हत्ती नाही, जिराफ नाही आणि वाघ-सिंहही नाहीत.

फक्त स्थानिक प्राणीच का?
शरीररचनाशास्त्रज्ञ कॉलिन मॅकेन्झी यांनी 1920च्या दशकात स्थानिक प्राण्यांच्या संशोधनासाठी येथे काम सुरू केले. ही जमीन कोरांडर्क या मूलनिवासींच्या वसाहतीचा भाग होती. 1934 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. स्थानिक प्राण्यांवरचा भर आजही कायम आहे.

प्लॅटिपसचे काय विशेष?
अंडी घालणारा, तरीही पिल्लांना दूध पाजणारा हा प्राणी. पाण्यात डोळे मिटून, चोचीने भक्ष्याच्या स्नायूंतील सूक्ष्म विद्युतलहरी टिपत तो शिकार करतो. 1943 मध्ये डेव्हिड फ्ले यांच्या देखरेखीखाली येथेच बंदिवासातील पहिले प्लॅटिपसचे पिल्लू जन्मले. दुसऱ्यांदा हे साधायला पाच दशकांहून अधिक काळ लागला.

मग हे केवळ सहलीचे ठिकाण आहे का?
नाही. व्हिक्टोरियाचा राज्यपक्षी हेल्मेटेड हनीइटर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. 1989 पासून येथे त्याची पैदास करून पक्षी जंगलात सोडले जातात. नारिंगी पोटाचा पोपट तर त्याहून संकटात होता. 2016 मध्ये टास्मानियातील विणीच्या जागी जेमतेम 17 पोपट परतले. त्याला वाचवण्याच्या मोहिमेतही हील्सव्हिलचा वाटा आहे.

पैदास वाढली की प्रश्न सुटतो?
तसे नाही. राज्यप्राणी असलेल्या लेडबीटर पोसमला राहायला जुन्या झाडांच्या ढोली लागतात. अशी ढोल तयार व्हायला शतकाहून अधिक काळ जातो. 2009च्या वणव्यांत त्याच्या अधिवासाचा मोठा भाग जळाला. सोडायला जंगलच उरले नाही, तर पिंजऱ्यातली संख्या कितीही वाढून उपयोग नाही.

जाताना काय लक्षात ठेवावे?
गाडी नसल्यास रेल्वेने लिलीडेल आणि तेथून बस. कोआला दिवसाचे सुमारे 20 तास झोपतो, त्यामुळे तो हलला नाही तर नाराज होऊ नये. जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारे रुग्णालयही येथे आहे. काचेपलीकडून डॉक्टरांचे काम पाहता येते. मुलांसोबत असाल तर तेथे थोडा जास्त वेळ ठेवा.